मशीन जाऊन दोन महिने झाले, तरी पॉइंट खाली जातोय

पातळीवाली

नमस्कार मंडळी. मी बोगद्याच्या कामावर मॉनिटरिंगची सर्व्हेअर आहे. रोज सकाळी लेव्हल लावायची, पॉइंट घ्यायचे, म्हणजे जमिनीवर ठोकलेल्या खुणांची उंची मोजायची, दुपारपर्यंत रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. गेले तीन आठवडे एका अ‍ॅरेने (बोगद्याला आडव्या ओळीत बसवलेल्या पॉइंटांच्या रांगेने) माझी झोप उडवली आहे, म्हणून सगळे आकडे इथे मांडते.

मशीन ईपीबी, म्हणजे खोदलेल्या मातीच्याच दाबाने समोरची माती धरून ठेवणारं. कटरहेडचा, म्हणजे पुढच्या खोदणाऱ्या चकतीचा व्यास ६.६५ मीटर. मागे काँक्रीटच्या सेगमेंटची (तुकड्यांची) रिंग बसते, तिचा बाहेरचा व्यास ६.३५ मीटर, रिंगची रुंदी १.४ मीटर. बोगद्याचा अक्ष जमिनीखाली १६ मीटर. वर तीन मीटर भराव, त्याखाली पार बोगद्याच्या तळापर्यंत आणि त्याच्याही खाली मऊ, चिकट, गाळाची माती. हातात घेतली की अंगठा सहज आत जातो. पाणी दीड मीटरवर.

रिंग ३४० वरचा अ‍ॅरे. मध्यरेषेवरच्या पॉइंटची गोष्ट अशी: फेस (मशीनसमोरचा खोदायचा पृष्ठभाग) २० मीटर मागे होता तेव्हा १ मिमी खचलं, फेस बरोबर खाली आला तेव्हा ४, टेल (मशीनचं मागचं टोक) बाहेर पडलं तेव्हा ११, आणि आठवड्याने मशीन ६० मीटर पुढे गेलं तेव्हा १७ मिमी. तिथे थांबेल असं सगळ्यांना वाटलं. आज दोन महिने झाले, २६ मिमी आहे. आमची अ‍ॅक्शन लेव्हल (ओलांडली की कारवाई करावी लागते ती मर्यादा) २५ ची, म्हणून आता मीटिंगवर मीटिंग चालू आहेत.

आडव्या रेषेतली रीडिंग्जही देते. मध्यापासून ०, ४, ८, १२ आणि १६ मीटरवर आठवड्याने १७, १५, १०, ५.५ आणि २.३ मिमी होती. दोन महिन्यांनी त्याच पॉइंटवर २६, २३.५, १७.५, ११.५ आणि ७.

मीटिंगमध्ये एक बाजू म्हणते लेव्हलिंग चुकलंय. दुसरी म्हणते ग्राउट (रिंगबाहेरच्या पोकळीत भरायचं मिश्रण) कमी भरलंय, व्हॉल्यूम लॉस (बोगद्यात जास्तीची शिरलेली माती, खोदलेल्या मातीच्या टक्क्यांत) दीड टक्क्यावर गेला, करारात एक टक्का आहे. मशीनवाले म्हणतात बेल्ट स्केलवर (पट्ट्यावरच्या वजनकाट्यावर) जास्तीचं मक (खोदून निघालेली माती) आलेलंच नाही, तर लॉस होईल कसा. ग्राउटची नोंद मी मागवून पाहिली, त्या भागात प्रत्येक रिंगला ४.६ ते ४.९ घनमीटर गेलंय.

माझ्या कामाबद्दल सांगते. तीन बेंचमार्क (न हलणाऱ्या संदर्भखुणा) आहेत, तिन्ही बोगद्यापासून दीडशे मीटरच्या बाहेर आणि खोल रोवलेले. गेल्या आठवड्यात मी पूर्ण लूप दोनदा मारला, क्लोजिंग एरर (फिरून सुरुवातीच्या खुणेवर परत आल्यावर उरणारा फरक) ०.६ मिमी आली. नऊ मिमी माझ्या लेव्हलमधून येत नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. पण मग ते येतात कुठून? आणि थांबणार कधी? मध्यापासून ८ ते १६ मीटरच्या पट्ट्यात विटांच्या बांधणीची एक दुमजली जुनी इमारत उभी आहे. तिथली माणसं रोज मला विचारतात, आणि मला त्यांना खरं उत्तर द्यायचं आहे.

---

टेलमागचा

ताई, चौदा वर्षं मशीनवर काढलीत, त्यातली नऊ शिफ्ट इनचार्ज म्हणून. मी माझ्या बाजूचं सांगतो.

आधी बेल्ट स्केलचं. तो मुद्दा मीटिंगमध्ये कुणी काढला तर त्याला एकदा गणित करायला लावा. तुमच्या व्यासाला फेसचं क्षेत्रफळ ३४.७ चौरस मीटर. एका रिंगला जागेवरची माती ४८.६ घनमीटर, म्हणजे साधारण ९० टन. त्यातला एक टक्का म्हणजे ०.९ टन. त्या मकमध्ये आपण पाणी सोडतो, फोम सोडतो, बेल्टला चिखल चिकटतो, काटा रोज शून्य होतोच असं नाही. नव्वदात एक टन कमी-जास्त तो काटा कुठून दाखवणार? बेल्ट स्केल मोठी घसरण पकडायला आहे. वर खड्डा पडायच्या बेताला आला असेल तर सलग तीन-चार रिंगांचा कल दिसतो, तेवढ्यासाठी तो हवाच. पण स्केलवर दिसलं नाही म्हणून लॉस नाही, हे बोलणं मशीनवर काम केलेल्या माणसाने करू नये.

आता ग्राउट. कापलेलं भोक ६.६५ चं, रिंग ६.३५ ची. मधली पोकळी मीटरला ३.०६ घनमीटर, रिंगला ४.२९. म्हणजे कापलेल्या मातीच्या जवळजवळ नऊ टक्के! टेलमागे ही पोकळी प्रत्येक रिंगला तयार होते आणि त्याच क्षणी भरावी लागते, नंतर नाही. मऊ माती वाट बघत नाही, टेलचा सील करणारा ब्रश पुढे सरकला की ती आत येते. तुमच्याकडे ४.६ ते ४.९ गेलंय, म्हणजे सात ते चौदा टक्के जास्त. आकडा वाईट नाही. तरी नुसत्या घनमीटरवर विश्वास ठेवू नका, चारही पोर्टचा (ग्राउट सोडायच्या तोंडांचा) दाब वेगवेगळा बघा. खालच्या दोन पोर्टमधून सगळं गेलं आणि वरचे तुंबलेले असले तरी एकूण बेरीज छानच दिसते.

माझ्याच शिफ्टला एकदा बी-लाइन तुंबली होती, ज्यातून सोडियम सिलिकेट जातं ती. ग्राउट दोन भागांचं असतं, सिमेंटचा पातळ ए आणि हा बी. ए भाग जात राहिला, पण तो काही सेकंदांत घट्ट व्हायला बी लागतो. अकरा रिंगा नुसतं पातळ ग्राउट गेलं, काही शील्डच्या (मशीनच्या लोखंडी कवचाच्या) अंगावरून पुढे फेसकडे वाहत गेलं. घनमीटर पूर्ण भरले होते, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी होती, मी दाबाचा आलेख बघायला हवा होता. वरती सेटलमेंट चौपट झालं. पण ताई, ते झालं तीन दिवसांत! पहिल्या दिवशीच निम्मं दिसलं होतं. पोकळी रिकामी राहिली तर ती दोन महिने दम धरत नाही. म्हणून तुमचं दुखणं मला आमच्या बाजूचं वाटत नाही. आपल्या माणसांना पाठीशी घालतोय असं समजू नका, टेल सुटताना आणि त्यानंतरच्या आठवड्यात जे १३ मिमी झाले, तो हिशेब आमचाच.

एक मात्र तपासा. रिंग ३४० च्या आसपास मशीन थांबलं होतं का? रिंग बांधताना, कटर बदलताना किंवा सुट्टीच्या दिवशी फेस प्रेशर किती उतरलं ते बघा. रिपोर्टमध्ये सरासरी लिहितात, माती मात्र सगळ्यात कमी आकडा लक्षात ठेवते.

---

पातळीवाली

दादा, मनापासून आभार. नोंदी पाहिल्या. फेस प्रेशर चालताना २.२ बार, रिंग ३३८ बांधताना चाळीस मिनिटं १.९ वर होतं, त्याखाली गेलेलं नाही. ग्राउटचा दाब वरच्या पोर्टला २.८, खालच्या दोघांना ३.१. चारही पोर्ट चालू होते.

---

ओडोमीटर

मी प्रयोगशाळेतली. मऊ मातीचे नमुने दाबून ती किती वेळाने किती बसते हे मोजण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तुमची रीडिंग्ज वाचून मला खरंच आनंद झाला, कारण पाच पॉइंट आडवे घेऊन ते दोन्ही वेळचे जपून ठेवणारे सर्व्हेअर फार थोडे भेटतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वहीत आहे.

आठवड्याची रीडिंग्ज घ्या. मध्याला १७, आठ मीटरवर १०. राल्फ पेक यांनी १९६९ साली मेक्सिको सिटीच्या परिषदेत मांडलं की बोगद्यावरचं सेटलमेंट आडव्या छेदात घंटेच्या आकाराचं, म्हणजे गॉसच्या वक्रासारखं असतं. त्या वक्रात जिथे खोली मध्याच्या ०.६१ पट होते, तिथे वक्र आपली वळण्याची दिशा बदलतो. त्या अंतराला आपण आय म्हणतो. चिकणमातीत आय साधारण अक्षाच्या खोलीच्या निम्मा, वाळूत त्याहून बराच कमी. तुमची खोली १६, म्हणून आय ८ यायला हवा, आणि १७ चे ०.६१ पट १०.३ होतात. तुमचं रीडिंग १०! बारावर आणि सोळावर वक्र ५.५ आणि २.३ सांगतो, तुम्हीही तेच मोजलंय. इतकं सुरेख जुळणारं क्षेत्रीय मोजमाप मी क्वचित पाहिलंय. तुमच्या लेव्हलिंगवर शंका घेणाऱ्यांना हा वक्र छापून द्या.

ट्रफचं (या घंटेच्या आकाराच्या खळग्याचं) क्षेत्रफळ म्हणजे अडीच गुणिले आय गुणिले मध्याचं सेटलमेंट. २.५ गुणिले ८ गुणिले ०.०१७, म्हणजे मीटरला ०.३४ घनमीटर. त्याला ३४.७ ने भागा, ०.९८ टक्के. हाच तुमचा व्हॉल्यूम लॉस, आणि तो कराराच्या आत आहे.

दीड टक्का कुठून आला तेही मला दिसतं. कुणीतरी आय तोच ८ ठेवून मध्याला २६ घातले. हे दोन कारणांनी चुकीचं आहे. एक, दोन महिन्यांनी ट्रफ ८ चा राहिलेलाच नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. व्हॉल्यूम लॉस ही कल्पना त्या थोड्या दिवसांपुरती आहे, ज्यात मऊ मातीला पाणी सोडायला वेळच मिळत नाही आणि तिचं आकारमान बदलत नाही. तेव्हा बोगद्यात जितकी माती आली तितकाच वर खड्डा, हे समीकरण चालतं. नंतर माती स्वतःच आकसते. ते आकसणं बोगद्यात शिरलेल्या मातीच्या खात्यावर कसं मांडणार?

आता नुसती वाढ काढा. दोन महिन्यांच्या आकड्यांतून आठवड्याचे आकडे वजा करा. ९, ८.५, ७.५, ६, ४.७. हे पाच आकडे हळू वाचा. पहिल्या आठवड्यात १६ मीटरवरचा पॉइंट मध्याच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा खचला होता. वाढीत तोच पॉइंट मध्याच्या निम्म्याहून जास्त खचलाय. ग्राउट कमी पडल्यामुळे, किंवा ते नंतर आकसल्यामुळे माती आत आली असती, तर वाढीचा आकारही पहिल्यासारखाच अरुंद आला असता. हा आकार रुंद, पसरट आहे. ही सगळी पट्टी एकत्र बसतेय. कन्सॉलिडेशन, म्हणजे पाणी निघून जाऊन मातीचं दबणं.

का बसतेय? मशीन जाताना फेस प्रेशर आणि ग्राउटचा दाब मातीला बाजूला ढकलतात, कटर आणि शील्ड तिला चोळून काढतात. मऊ मातीतलं पाणी लगेच निघू शकत नाही, म्हणून पोअर प्रेशर, म्हणजे मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब, चढतं. मग आठवडे, महिने ते हळूहळू उतरतं, आणि जितकं उतरतं तितकी माती बसते. चोळलेली माती न चोळलेल्या मातीपेक्षा जास्त बसते, हे मी किती नमुन्यांवर पाहिलंय! अंगठा आत जाणाऱ्या मातीत हे होणारच होतं. अंदाजात धरलं गेलं नव्हतं, एवढंच.

पण इथे थांबू नका, कारण पसरट आकाराला दुसरंही एक कारण असतं आणि ते वाईट आहे. रिंगांच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल तर बोगदा नाल्यासारखा आजूबाजूचं पाणी ओढतो. मूळ पाण्याचा दाबच खाली जातो, आणि माती त्या कमी झालेल्या दाबाला जुळवून घेत बसत राहते. हे महिन्यांत संपत नाही, वर्षं चालतं.

दोन्हींचं सेटलमेंट वरून सारखंच दिसतं. फरक फक्त पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण) सांगतो. दाब मशीन यायच्या आधीच्या आकड्यापेक्षा वर असून उतरत असेल, तर हे थांबणार आहे, आणि कधी ते आपण काढू शकतो. तो आधीच्या आकड्याच्याही खाली गेला असेल, तर उद्या सकाळी बोगद्यात उतरून ओल शोधा. तुमच्या अ‍ॅरेजवळ पिझोमीटर आहे का? टोक किती खोल, मध्यापासून किती लांब, आणि आधीचं, आठवड्याचं व आजचं रीडिंग, एवढं सांगा.

एक विनंती. यापुढे आलेख तारखेवर काढू नका. पहिला भाग फेसपासूनच्या अंतरावर काढा, दुसरा भाग टेल सुटल्यानंतरच्या दिवसांच्या लॉगवर, म्हणजे १, १०, १०० अशा पायऱ्यांच्या मापावर. तारखेवर काढलेल्या आलेखात मशीन थांबलं की सेटलमेंट थांबल्याचा भास होतो आणि दोन कारणं एकमेकांत मिसळतात.

---

भिंत वाचणारा

मी इमारतींची पाहणी करतो, मातीतलं मला इतकं कळत नाही. पण त्या दुमजली इमारतीबद्दल बोलायला हवं, कारण शेवटी तिथे माणसं राहतात.

तुमची इमारत ८ ते १६ मीटरवर आहे, म्हणजे आयच्या बाहेर. तिथे ट्रफ वरच्या अंगाला फुगीर असतो. अशा जागी भिंतीचा वरचा भाग ताणला जातो आणि तडे छपराकडून खाली येतात. विटांच्या भिंतीला हे वाकणं आयच्या आतल्या वाकण्यापेक्षा जास्त जड जातं, कारण खाली पायाचा आधार असतो, वर ताण घ्यायला काहीच नसतं.

पण ओडोमीटरबाईंनी काढलेली वाढ बघा, ८, १२ आणि १६ वर ७.५, ६, ४.७. जवळजवळ सरळ रेषा! म्हणजे गेल्या दोन महिन्यांत इमारत कलली, वाकली नाही. वाकणं जे व्हायचं ते पहिल्या आठवड्यात झालं. ८ ते १६ मध्ये कल तेव्हा हजारात एक होता, आता साडेसातशेत एक आहे. तडा पडतो तो वाकण्याने, सरळ कलण्याने सहसा पडत नाही. तेव्हा दोन महिन्यांत नवे तडे फारसे आलेले नसावेत, असा माझा अंदाज. तो खरा की खोटा हे तुम्ही जाऊन बघा, गणितावर सोडू नका.

तड्याच्या दोन्ही बाजूंना खुणा करून कॅलिपरने मोजा, तापमान लिहा, दर वेळी सकाळी एकाच वेळेला मोजा. बर्लंड यांच्या वर्गवारीत १ मिमीपर्यंतचा तडा अगदी किरकोळ, ५ मिमीपर्यंतचा किरकोळ, तोही भरून रंगवता येतो. दारं-खिडक्या अडकायला लागल्या तर मात्र लगेच कळवा. आणि राहणाऱ्यांना आकडा सांगा. लपवलं की त्यांच्या मनात तो दुप्पट होतो.

कुणी भरपाई ग्राउटिंग, म्हणजे इमारतीखाली ग्राउट दाबून तिला उचलणं, सुचवेल. लंडनला ज्युबिली लाइनच्या वेळी वेस्टमिन्स्टर स्टेशनच्या खोदकामात बिग बेनच्या मनोऱ्याचा कल असाच आवरला होता, हे खरं आहे. पण तिथे घट्ट लंडन क्ले आहे. तुमच्या मऊ मातीत इमारतीखाली ग्राउट दाबलं तर चालेल का, हे मी ओडोमीटरबाईंवर सोडतो.

---

ओडोमीटर

नको. आत्ता तरी मुळीच नको. ग्राउट दाबलं की पोअर प्रेशर पुन्हा चढेल, इमारत चार मिमी वर येईल आणि पुढच्या दोन महिन्यांत तितकीच, कदाचित जास्त बसेल. आधी पिझोमीटर.

---

पातळीवाली

उशीर झाला, माफ करा. पिझोमीटरची वही दुसऱ्या टीमकडे होती, ती मिळवायला चार दिवस गेले. रीडिंग्ज कुणी सेटलमेंटच्या शेजारी ठेवून पाहिलीच नव्हती.

रिंग ३४० जवळ मध्यापासून साडेपाच मीटरवर, १४ मीटर खोल एक टोक आहे. मशीन यायच्या आधी १२३ किलोपास्कल, टेल जाताना चढून १९०, आठवड्याने १७६, आणि काल १४८.

म्हणजे आठवड्यानंतर २८ उतरले आणि तेवढ्यात मध्याला ९ मिमी झालं. मूळ आकड्यापर्यंत अजून २५ उतरायचेत. सरळ त्रैराशिक लावलं तर आणखी ८ मिमी, म्हणजे शेवटी ३४ च्या आसपास. बाई, हे बरोबर आहे का?

इमारतीत जाऊन आले. जिन्याजवळ छपराखाली दोन तडे आहेत, ०.३ आणि ०.६ मिमी, दोन्ही पहिल्या आठवड्याच्या फोटोत आहेत. नवा एकही नाही. तिथल्या आजींना कागदावर वक्र काढून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे अजून आठ?" मी हो म्हटलं.

पण वही चाळताना दुसरंच सापडलं. रिंग ३९० जवळही तसंच एक टोक आहे, त्याच खोलीवर. तिथे आधी १२१ होतं. आज १०९ आहे.

---

ओडोमीटर

त्रैराशिक चालेल. शेवटची शेपूट लांबते, म्हणून तारीख देऊ नका, आकडा द्या, आणि ३४ ऐवजी ३२ ते ३७ सांगा. ३४० ची काळजी सोडा.

३९० ला आजच उतरा. छताकडचे सांधे आणि बोल्टचे खिसे बघा.

---

पातळीवाली

उतरले. शिफ्ट इंजिनिअर सोबत होते. रिंग ३८९ आणि ३९० च्या मधल्या सांध्यात घड्याळाच्या दोनच्या जागी गॅस्केटजवळ (पाणी अडवणाऱ्या रबरी पट्टीजवळ) सेगमेंटचा कोपरा उडालाय, तिथून सलग धार नाही पण थेंब चालू आहेत, खाली पांढरा ओघळ वाळलाय. बादली लावून मोजलं, तासाला सव्वादोन लिटर. ३९२ चा एक बोल्टचा खिसाही ओला आहे.

३९० च्या अ‍ॅरेवर आज १९ मिमी आहे, अ‍ॅक्शन लेव्हलच्या खूप आत, म्हणून त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. लॉगवर आलेख काढला तेव्हा दिसलं की ३४० चा उतार मंदावतोय आणि याचा वाढतोय.

त्या सांध्यामागे दुय्यम ग्राउटिंग उद्या रात्रीच्या शिफ्टला ठरलंय. पिझोमीटर आता रोज दोनदा मी स्वतः घेणार आहे. १०९ चा आकडा वर चढायला लागला की इथे लिहिते.